एका फॉर्मवर मुलाची सवलत ठरवू नका : नागपुरातील शाळांना खुले पत्र

प्रति,
नागपूर शहरातील शाळांचे मुख्याध्यापक, शाळांतील समुपदेशक व विशेष शिक्षक, तसेच बालविकास व थेरपी केंद्रांचे संचालक यांस,

महोदय, महोदया,

नव्या सत्राच्या तोंडावर आमच्या मुलाच्या शाळेकडून पालकांना एक सूचना आली. एडीएचडीचे (लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि उतावीळपणा अशी लक्षणे असलेल्या अवस्थेचे) निदान झालेल्या प्रत्येक मुलाच्या पालकाने दरवर्षी जूनमध्ये लक्षणांचा फॉर्म भरून द्यायचा. गुण ठरावीक रेषेच्या खाली उतरले तर परीक्षेतला जादा वेळ आणि विशेष शिक्षिकेचा तास बंद होणार. गेल्या वर्षीपेक्षा वाढले तर वर्गात मुलाजवळ बसायला शॅडो टीचर पालकांनी स्वतःच्या खर्चाने आणायची. फॉर्मखेरीज दुसरे काही पाहिले जाणार नाही, असे तोंडी सांगण्यात आले. यंदा आमच्या मुलाचे गुण रेषेखाली आले आणि त्याच्या दोन्ही सवलती गेल्या. वर्गशिक्षिकेला याबाबत कुणी काही विचारले नव्हते, आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही.

हे पत्र एका शाळेपुरते लिहून भागले असते. पण इतर शाळांतल्या पालकांशी बोलताना थोड्याफार फरकाने हीच रीत कानावर आली, आणि काही थेरपी केंद्रे तर याच फॉर्मच्या बेरजा ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा मांडून आपल्या सेशन्सची जाहिरात करतात असे दिसले. त्यामुळे मी आपणा सर्वांना उद्देशून आणि सर्वांसमक्ष लिहीत आहे.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. माझा मुलगा पाचवीत आहे. तो दुसरीत असताना धंतोलीतल्या एका डॉक्टरांनी आम्हा दोघांशी सविस्तर बोलून, शिक्षिकेकडून वेगळा फॉर्म मागवून आणि मुलाला एकाहून अधिक वेळा तपासून निदान केले. एडीएचडी हे थोतांड आहे, किंवा पालकांनी भरलेले फॉर्म निरुपयोगी आहेत, असे माझे मुळीच म्हणणे नाही. निदानाचे निकषच मुलाच्या पूर्वेतिहासावर उभे आहेत. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेनुसार लक्षणे किमान सहा महिने टिकलेली हवीत, त्यातली काही वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली हवीत, ती एकाहून अधिक ठिकाणी, म्हणजे घरी आणि शाळेतही, आढळायला हवीत, आणि त्यांचा रोजच्या जगण्यात अडथळा होत असल्याचे स्पष्ट दिसायला हवे. यातला बराचसा भाग आईवडिलांशिवाय दुसरे कोण सांगणार? माझी हरकत एवढीच आहे की एका पालकाने एका दिवशी भरलेल्या फॉर्मची दुसऱ्या वर्षीच्या फॉर्मशी वजाबाकी करून तुम्ही तिला मुलातला बदल समजता. त्या वजाबाकीत मुलाखेरीज इतर पुष्कळ गोष्टी मिसळलेल्या असतात. आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार रेषेची आहे. शाळांत जो फॉर्म सर्रास वापरला जातो तो वँडरबिल्ट पद्धतीचा आहे. त्यात लक्षणांच्या पहिल्या अठरा ओळी असतात, नऊ अवधानाच्या आणि नऊ अतिचंचलतेच्या व उतावीळपणाच्या. प्रत्येक ओळीपुढे ‘कधीच नाही’, ‘कधीकधी’, ‘अनेकदा’, ‘फार वेळा’ यांपैकी एकावर खूण करायची आणि त्याला शून्य ते तीन गुण मिळतात. दोन किंवा तीन गुण मिळाले तरच ते लक्षण मोजले जाते आणि नवांपैकी सहा लक्षणे मोजली गेली तर रेषा ओलांडली असे धरतात. आता हिशेब पाहा. ज्या मुलाला सहा ओळींवर ‘अनेकदा’ आणि उरलेल्या तीनवर ‘कधीच नाही’ अशी खूण मिळाली, त्याची बेरीज १२ होते आणि तो रेषेच्या वर जातो. ज्याला पाच ओळींवर ‘फार वेळा’ आणि चार ओळींवर ‘कधीकधी’ अशी खूण मिळाली, त्याची बेरीज १९ होते आणि तो रेषेखाली राहतो. डॉक्टरांच्या हाती ही रेषा एक इशारा असते. ते तिच्या अलीकडे-पलीकडे पाहतात. तुमच्या सूचनेत मात्र ती कुंपण झाली आहे. आमच्या मुलाची अवधानाची लक्षणे गेल्या वर्षी सहा होती, यंदा पाच झाली. फरक एका ओळीवरच्या एका खुणेचा आहे.

ती ओळ कोणती होती, हे सांगितले तर दुसरी तक्रार आपोआप समजेल. शाळेला लागणाऱ्या वस्तू मूल हरवते का, अशा अर्थाची ती ओळ. गेल्या वर्षी फॉर्म मी भरला होता. कंपासपेटी, पाण्याची बाटली, स्वेटर, रिक्षात राहिलेला डबा, हे सगळे शोधत फिरणारी किंवा नवे आणणारी मी, म्हणून मी ‘अनेकदा’वर खूण केली होती. यंदा मी सासूबाईंजवळ रुग्णालयात होते आणि मुदत संपत आली होती, म्हणून फॉर्म मुलाच्या वडिलांनी भरला. त्यांची कोराडीला पाळीची नोकरी आहे. हरवलेली बाटली त्यांच्यापर्यंत पोचेतो नवी बाटली दप्तरात आलेली असते. त्यांनी प्रामाणिकपणे ‘कधीकधी’ लिहिले. आम्ही दोघांनीही खरेच लिहिले आहे. तुम्ही या दोन खऱ्या उत्तरांची वजाबाकी केली आणि उत्तर मुलाच्या नावावर जमा केले.

हे आमच्याच घरापुरते आहे असेही नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ थॉमस आखेनबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ११९ अभ्यास एकत्र करून पाहिले की मुलांच्या वर्तनाविषयी निरनिराळी माणसे जे सांगतात ते एकमेकांशी किती जुळते. एकाच भूमिकेतल्या दोन व्यक्ती, जसे आई आणि वडील, यांच्या उत्तरांतला सहसंबंध (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) सरासरी ०.६० होता, वेगळ्या भूमिकांतल्या व्यक्ती, जसे पालक आणि शिक्षक, यांच्यातला तो जेमतेम ०.२८ होता. २०१५ मध्ये ३४१ अभ्यास घेऊन पुन्हा असाच आढावा घेतला गेला, तेव्हाही आकडा ०.२८ च आला. मधल्या काळात फॉर्म बदलले, निकष बदलले, पण हा आकडा जागचा हलला नाही. कारण प्रत्येक जण मुलाला वेगळ्या वेळी, वेगळ्या कामात पाहतो. म्हणून तर दोन ठिकाणची माहिती मागितली जाते. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेतही निदानासाठी पालकांसोबत शिक्षकांकडून माहिती घ्यायला सांगितले आहे. शिक्षकांचा स्वतंत्र फॉर्म तुमच्याकडे सहज मिळण्यासारखा असताना तुम्ही तो मागवतही नाही, हे मला समजत नाही.

तिसरी तक्रार जूनची. फॉर्मवर ‘गेल्या सहा महिन्यांतील वर्तन’ असे छापलेले असते. विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या शेवटाकडे उघडतात. म्हणजे जूनमध्ये फॉर्म भरणाऱ्या पालकाच्या डोळ्यांसमोर वार्षिक परीक्षेपेक्षा एप्रिलअखेर ते जून ही सुट्टीच जास्त असते. त्या दिवसांत गृहपाठ नसतो, वेळेवर दप्तर भरायचे नसते, रांगेत उभे राहायचे नसते. अवधानाच्या निम्म्या ओळींना लागू पडेल असा प्रसंगच घरात घडत नाही. दुसरीकडे पारा पंचेचाळीसवर असताना सकाळी दहापासून उन्हे उतरेपर्यंत मुले कूलरसमोरच्या एका खोलीत कोंडलेली असतात, आणि तशा खोलीत कुठलेही मूल पलंगावरून उड्या मारते. जूनमधल्या फॉर्मवर अवधान सुधारलेले आणि चंचलता वाढलेली दिसली, तर त्यात नागपूरच्या उन्हाळ्याचा वाटा किती, हे कोण वेगळे काढणार? शिवाय जूनमध्ये वर्गशिक्षिका नव्या असतात. त्यांनी मुलाला पाहिलेलेच नसते, त्यामुळे पालकांच्या फॉर्मला ताडून पाहण्याचा मार्गही तुम्ही स्वतःच बंद करून ठेवता.

चौथी तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते. मूळ फॉर्मच्या वरच्या भागात एक प्रश्न असतो : ही माहिती मूल औषध घेत असतानाची आहे की नसतानाची? शाळेने वाटलेल्या झेरॉक्समध्ये तो भागच नाही. शेवटी वाचन, लेखन, गणित, आईवडिलांशी आणि सवंगड्यांशी असलेले संबंध यांबद्दल एक ते पाच अशी श्रेणी द्यायच्या ओळी असतात, त्याही नाहीत. अडथळा किती होतो हे ज्यातून कळायचे, तेच गाळून नुसती लक्षणांची यादी ठेवली आहे. एडीएचडीवरच्या मिथाइलफेनिडेट या औषधाची साधी गोळी सुमारे चार तास काम करते. सकाळी सातला ती घेऊन शाळेत गेलेले मूल बाईंना दिसते ते औषधाच्या अमलाखाली, आणि दुपारी घरी आलेले आईला दिसते ते अंमल उतरल्यावर. दीर्घकाळ काम करणारे औषध सुरू झाले की हेच चित्र पालटते आणि मूल तेच असूनही पालकाचे गुण एकदम उतरतात. आमच्या लॅबमध्ये कुणी उपाशीपोटीची साखर आणि जेवणानंतरची साखर एकाच रकान्यात लिहून ‘रुग्ण बरा झाला’ असा रिपोर्ट दिला, तर त्याची नोकरी जाईल.

औषधासारखेच मदतीचेही आहे. ‘हाती घेतलेले काम पूर्ण करत नाही’ या ओळीपुढे मी काय लिहावे? मी शेजारी बसते, वहीचे पान निम्मे झाकते, तीन उदाहरणे झाली की त्याला उठून पाणी पिऊ देते आणि पुन्हा बसवते. तेव्हा काम पूर्ण होते. ती मदत धरून उत्तर द्यायचे की मदत वगळून, हे तुमच्या फॉर्मवर कुठेही लिहिलेले नाही. समजा, विशेष शिक्षिकेच्या तासाने मुलाला गृहपाठ लिहून घेण्याची सवय लागली, म्हणून गुण उतरले. गुण उतरले म्हणून तो तास बंद होतो. पुढच्या जूनमध्ये गुण वाढतील, आणि तेव्हा तुमच्याच सूचनेप्रमाणे मला शॅडो टीचर आणायला सांगितले जाईल.

पाचवी तक्रार मोजमापाच्या अचूकतेची आहे आणि ती थोडी हिशेबी आहे, तरी सोडून देता येत नाही. चांगल्या प्रश्नावल्या काही आठवड्यांच्या अंतराने त्याच पालकाने पुन्हा भरल्या तर उत्तरांतला सहसंबंध साधारण ०.७ ते ०.९ च्या घरात येतो. अंतर वर्षांचे झाले की तो आणखी उतरतो. समजा आपण तो ०.८० धरला आणि सरासरी ५० व प्रमाण विचलन (गुणांचा सरासरीभोवतीचा पसारा) १० असलेल्या टी-गुणांत मोजले, तर एका वेळच्या मोजमापातली प्रमाण त्रुटी, म्हणजे मोजताना आपोआप होणारी चूक, सुमारे ४.५ गुणांची असते आणि दोन वेळच्या फरकातली सुमारे ६.३ गुणांची. जेकबसन आणि ट्रुआक्स यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या कसोटीप्रमाणे ९५ टक्के खात्रीने ‘बदल झाला’ म्हणायचे तर फरक १२ गुणांहून अधिक हवा. तुम्ही तर टी-गुणही काढत नाही, कच्चे गुणच घेता. त्यात अठराही ओळींची एकत्र बेरीज केली की आणखी एक घोटाळा होतो : वय वाढते तशी धावाधाव आणि उड्या मारणे कमी होते, अवधानाची अडचण मात्र बहुधा मागे उरते. बेरीज उतरते ती पहिल्यामुळे, आणि सवलत जाते ती दुसऱ्यासाठी दिलेली.

पहिल्यांदा भरलेल्या फॉर्मपेक्षा दुसऱ्यांदा भरलेल्या फॉर्मवर गुण कमी येण्याकडे कल असतो, ही गोष्टही अभ्यासकांना दीर्घकाळ ठाऊक आहे. शिवाय पालक तपासणीला येतात ते परिस्थिती अगदी हाताबाहेर गेल्यावर. त्यानंतर काहीही केले नाही तरी ती थोडी निवळतेच. टोकाच्या मोजमापानंतरचे मोजमाप सरासरीकडे सरकते, हे फ्रान्सिस गाल्टन यांनी आईवडील आणि मुलांच्या उंचीवरून १८८६ मध्येच दाखवले होते. थेरपी केंद्रांच्या संचालकांनी हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा. तुमच्या भिंतीवरच्या ‘आधी-नंतर’च्या आलेखांत हे दोन्ही परिणाम आयतेच मिसळलेले असतात आणि त्यात पालकाने भरलेली फी आणि त्याची आशा यांची भर पडते. एडमंड सोनुगा-बार्क आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये औषधाविना उपचारांच्या चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा उपचार माहीत असलेल्या व्यक्तींनी दिलेल्या गुणांत दिसणारा फायदा, मुलाला कोणता उपचार मिळतो हे बहुधा ठाऊक नसलेल्यांच्या गुणांत बराच ओसरला. न्यूरोफीडबॅक (मेंदूच्या लहरी पडद्यावर दाखवून त्या बदलायला शिकवणे) आणि मेंदूला ‘ट्रेनिंग’ देण्याचे कार्यक्रम त्यात होते. सेशन्स निरर्थक असतात असे मी म्हणत नाही, आमचा मुलगाही जातो. पैसे मोजणाऱ्याच्याच खुणा पुरावा म्हणून दाखवू नका, एवढेच म्हणते.

यावर कुणी म्हणेल की मुले खरोखरच सुधारतात, मग सवलत चालूच का ठेवायची? सुधारतात, हे खरे. पण कशी सुधारतात ते एडीएचडीवरच्या उपचारांची तुलना करणाऱ्या अमेरिकेतल्या एमटीए अभ्यासातून दिसले आहे. ५७९ मुलांवरचा हा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे त्यातल्या मुलांचा सोळा वर्षे पाठपुरावा झाला. पाठपुराव्यातल्या ५५८ जणांच्या नोंदींवर २०२२ मध्ये आलेल्या विश्लेषणात सुमारे ६४ टक्के जणांची लक्षणे कधी ओसरत आणि पुन्हा उसळत असल्याचे आढळले. कायमचे बरे झालेले जेमतेम ९ टक्के होते. म्हणजे एक वर्ष बरे जाणे हे या मुलांच्या बाबतीत नेहमीचे आहे, आणि पुढचे वर्ष जड जाणे हेही नेहमीचेच. पाचवीतल्या चांगल्या जूनवरून सहावीतल्या परीक्षेचा जादा वेळ काढून घेणे याला या माहितीत कुठेच आधार सापडत नाही.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याला ठाऊक आहेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टात दिव्यांगतेचे २१ प्रकार आहेत. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीची स्वतंत्र नोंद नाही. ज्या मुलाला केवळ एडीएचडी आहे त्याच्या पालकाला त्यामुळे बहुतेक वेळा शाळेच्या समजूतदारपणावरच विसंबावे लागते. फॉर्म इंग्रजीतून वाचता न येणारे, मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळपासून रांगेत बसून निदानाचा कागद मिळवणारे पालक तर तुमच्याशी वाद घालायलाही येत नाहीत. त्यांच्या मुलांच्या सवलती गेल्याचे कुणाला कळतही नाही.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. केवळ पालकाच्या फॉर्मवरून कोणत्याही मुलाची सवलत बंद करू नये किंवा पालकावर शॅडो टीचरचा खर्च लादू नये. यंदा असे जे निर्णय झाले ते पुनर्विचार होईपर्यंत स्थगित करावेत. फॉर्म घ्यायचाच असेल तर पूर्ण घ्यावा, औषधाच्या प्रश्नासह आणि अडथळ्याच्या ओळींसह, मराठीत आणि हिंदीतही. तो दरवर्षी शक्यतो त्याच व्यक्तीने भरावा, कुणी आणि कोणत्या परिस्थितीत भरला ते त्यावर लिहावे, आणि आईवडील दोघांनी भरला तर दोन्ही जपून ठेवावेत, सरासरी काढू नये. तो जूनऐवजी दिवाळीनंतर, शाळा सलग सुरू असताना भरून घ्यावा, आणि त्याच पंधरवड्यात मुलाला किमान तीन-चार महिने ओळखणाऱ्या शिक्षकाचाही फॉर्म घ्यावा. अवधान आणि चंचलता यांचे गुण वेगळे ठेवावेत. गुणांत फरक दिसला तर काही आठवड्यांनी पुन्हा भरून घ्यावा आणि तो टिकला तरच उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लेखी विचारून पुढचे ठरवावे. सवलत कमी करायची झाली तर ती टप्प्याटप्प्याने करावी आणि पालकाला लेखी कारण द्यावे. सरकारी रुग्णालयाचा आणि खासगी दवाखान्याचा कागद सारखाच मानावा. थेरपी केंद्रांनी पालकांच्या फॉर्मवरचे ‘आधी-नंतर’चे आलेख जाहिरातीतून काढून टाकावेत.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. शिक्षकांचा थोडा वेळ जाईल, हे मान्य आहे. ज्या वर्गात साठ मुले आहेत तिथे तो जड जाईल हेही मान्य आहे. पण वर्गात मूल कसे वागते हे सांगायला शिक्षकांएवढे योग्य दुसरे कुणी नाही.

या पत्राची प्रत नागपूर विभागाच्या शिक्षण उपसंचालकांना आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवत आहे. आमच्या मुलाच्या शाळेला वेगळा अर्ज दिला आहे, त्यासोबत आम्हा दोघांचे फॉर्म, वर्गशिक्षिकेचे पत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे. पहिल्या चाचणीचे वेळापत्रक लागण्याआधी जादा वेळेचा निर्णय लेखी कळवावा, अशी विनंती आहे.

आपली,
एक पालक, नागपूर